रात्रीची कॅज्युअल्टी एकदम बेस्ट, एक स्टार कापला तो बिलिंगसाठी

आमच्या घराजवळच्या मुलांच्या हॉस्पिटलबद्दल लिहितेय. लेक साडेचार वर्षांची, वजन १६ किलो. बर्थडे पार्टीत अर्धी काजूकतली खाल्ली. आधीही काजू खाल्ला की ओठ खाजतात म्हणायची, आम्ही हसण्यावारी नेलं. दहा मिनिटांत अंगभर गांधी. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा, ते लावलं, मी वर सेट्रिझिन पाजलं आणि वाट बघत बसले, ही माझीच चूक. मग दोन उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला, सारखी खोकायला लागली आणि खांद्यावर मान टाकली तेव्हा कुठे ट्यूब पेटली की ही काजूची जोरदार अ‍ॅलर्जी आहे, मिळेल त्या रिक्षाने पळालो.

सिस्टरने बघितलं आणि फॉर्म नाही, डिपॉझिट नाही, आधी वजन विचारलं. डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिन हे अशा अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन दिलं, ०.१६ मिली, सिरिंजमध्ये दिसतसुद्धा नव्हतं एवढंसं! मी तिला उचलून घ्यायला गेले तर सिस्टर ओरडल्याच, आडवीच राहू दे, पायाखाली उशी ठेवा, धाप लागली असती तर बसवलं असतं म्हणे. पाचेक मिनिटांत लेकीने विचारलं, माझे शूज कुठेत. तिथे मी रडले.

फरक पडला नसता तर पाच मिनिटांनी परत द्यायची तयारी होती. डॉक्टर म्हणाले आमसुलाला माझा विरोध नाही, पण ते काय किंवा सेट्रिझिन काय, खाज कमी करेल, घसा सुजला किंवा बीपी पडलं तर काही कामाचं नाही. बरी दिसत होती तरी रात्रभर ठेवलं, काही तासांनी परत उसळू शकतं म्हणून. नवऱ्याला वाटलं बिल वाढवतायत, मला नाही वाटत.

परदेशात मिळतं तसं या इंजेक्शनचं रेडिमेड पेन आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, म्हणून त्याची अँप्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि १ मिलीची सिरिंज लिहून दिली, सिरिंजवर मार्करने रेघ मारून दिली आणि संत्र्यावर पाण्याने चार वेळा प्रॅक्टिस करून घेतली. पहिल्या वेळी माझा हात एवढा थरथरला की पाणी सिस्टरच्या ड्रेसवर.

डिस्चार्जला मात्र अडीच तास! काउंटरवर एकच मुलगा, तोही जेवायला गेलेला. पार्किंग शून्य, रिक्षानेच जा.