जुन्या विपीलची कुशन कव्हर्स मागवली आणि आलं छापील पॉलिस्टर

ग्वाटेमालाला जाणार असाल आणि तिथून घरासाठी कुशन कव्हर, बेड थ्रो, वॉल हँगिंग असलं काही मागवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आम्ही ह्यूस्टनला राहतो, यात आमचे चारशे साठ डॉलर गेलेत आणि बहुतेक परत येत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विपील म्हणजे तिथल्या माया जमातीच्या बायकांचा हाताने विणलेला ब्लाउज. मागाचं एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने कमरेला, आणि जमिनीवर बसून विणायचं. भरपूर नक्षीच्या एका विपीलला महिनेच्या महिने जातात. नक्षीही गावागावाची वेगळी, सान्तियागो आतितलानचा विपील पक्ष्यांवरून ओळखू येतो, नेबाखचा वेगळाच. जुना झाला किंवा घरात पैशाची नड आली की बाई तो विकते, व्यापारी गठ्ठ्यांनी घेतात, आणि चांगले राहिलेले तुकडे कापून त्याची कुशन्स, पिशव्या, अगदी बूटसुद्धा होतात. मला ही आयडिया मनापासून आवडलेली, अजूनही आवडते.

तर ग्वाटेमालातल्याच आंतिग्वा शहरातलं एक दुकान. नाव देत नाही. शेल्फवर ठेवलेला माल खरा होता, हे मी आजही सांगते, कारण हात लावून बघितला होता, नक्षीचे धागे बोटाला उंच लागत होते, दोन पट्टे जोडल्याची शिवण मधोमध होती आणि एका कव्हरवर तर कुणीतरी चॉकलेटी दोऱ्याने केलेला रफूही होता. मला निळ्या-जांभळ्यात सहा कव्हर्स आणि एक मोठा थ्रो हवा होता, तेवढं तयार नव्हतं, मालक म्हणाला काळजी नको सेन्योरा, आमच्या वर्कशॉपमध्ये बनवून घरपोच पाठवतो, पण पैसे कुरिअरसकट आधी. कार्ड स्वाइप केलं, स्पॅनिशमधलं बिल पर्समध्ये टाकलं, झालं.

पार्सल यायला महिन्याच्या वर गेला. लांबून एकदम झकास, नवरा म्हणाला वा. हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. आणि मग तो रफू दिसला, तोच, चॉकलेटी दोऱ्याचा, पण तीन कव्हर्सवर, त्याच जागी, त्याच लांबीचा!! म्हणजे यांनी एका जुन्या विपीलचा फोटो काढून तो रफूसकट, विटलेल्या रंगासकट पॉलिस्टरवर छापला होता. खोटं जुनेपण इतक्या निगुतीने केलेलं बघून मला आधी हसूच आलं. आतली बाजू पांढरीफटक. थ्रोची गंमत आणखी वेगळी, कडेचे चार पट्टे खरे, जे आपण घडी उघडताना पहिले धरतो ते, आणि मधला सगळा भाग मशीनवरचं ताग्यातलं कापड.

व्हॉट्सअॅप केलं तर उत्तर आलं की शिलाई हाताने केलेली आहे म्हणून हँडमेड. त्यानंतर नुसत्या निळ्या टिक्स. बँकेत डिस्प्यूट टाकला, त्यांनी बिल मागितलं, बिलावर काय तर "सजावटीची कुशन कव्हर्स, ६ नग". विपील नाही, सुती नाही, जुनं नाही. बँक म्हणाली बिलात लिहिलंय तेच तुम्हाला मिळालंय.

आता ओळखायचं कसं. आपल्याला पैठणीची सवय, उलटी करून बघायची, दोन्हीकडून सारखी दिसली तर खरी. इथे तो नियम सरसकट लावू नका. सान आंतोनियो आग्वास कालियेन्तेसचं काही काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं पण बाकी कित्येक गावांच्या खऱ्या विपीलवर मागे धागे लोंबत असतात किंवा नक्षी नीट दिसतच नाही. पूर्ण कोरी पांढरी बाजू मात्र दिसली की सोडून द्या. एक धागा काढून जाळून बघा, सुताला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून काळा मणी होतो, पण धागा नक्षीतला नको, नक्षीखालच्या मूळ कापडातला काढा कारण अस्सल विपीलच्या नक्षीतसुद्धा हल्ली अॅक्रिलिक असतं. आणि एकाच डिझाइनचे हवे तितके नग मिळतात म्हटलं की समजा, एका ब्लाउजमधून गळ्याचं भोक सोडून कापड निघणार ते किती!

छापील विपील तिथे सरळसोट "सुब्लिमादो" म्हणूनही विकतात, स्वस्त पडतात म्हणून तिथल्या बायकाही घेतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. जुनं विणकाम म्हणून विकतात तिथे राग येतो. विणणाऱ्या बायकांचं यात किती नुकसान होतं ते त्याच सांगतायत, २०१६ मध्ये त्यांच्या संघटना आपल्या नक्ष्यांवरच्या सामूहिक हक्कासाठी तिथल्या घटनात्मक कोर्टात गेल्या होत्या.

शक्य असेल तर आतितलान तळ्याकाठी सान हुआन ला लागुनाला जा, तिथे बायकांच्या सहकारी संस्था आहेत, विणणारी समोर बसलेली असते. चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारातही अख्खे जुने विपील मिळतात, तो घ्या आणि इथे टेलरकडून शिवून घ्या, फक्त आधी थंड पाण्यात कोपरा भिजवून रंग जातो का बघा. दुकानातूनच घ्यायचं असेल तर समोर आहे तोच नग उचला, ऑर्डर देऊ नका, आणि बिलावर "विपील उसादो, आल्गोदोन" म्हणजे वापरलेला विपील, सुती, असं त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला कां कूं केलं तर कार्ड काढूच नका.