रस्ट कन्व्हर्टर: जुन्या पिकअपच्या गंजावर एक वर्ष वापरून

गंजावरच्या कुठल्याही वस्तूचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी सगळंच काळंभोर आणि छान दिसतं. म्हणून मी वर्षभर थांबलो. आता ऊन, पाऊस, चिखल सगळं होऊन गेलंय आणि काय टिकलं काय नाही ते डोळ्यांनी दिसतंय.

गाडी बाबांची, वीस वर्षांपेक्षा जुनी पिकअप, इंजिन अजून पहिल्या झटक्यात सुरू होतं. म्हणून तर जीव अडकलाय तिच्यात, नुसत्या पत्र्यापायी अशी गाडी भंगारात घालायला मन होत नाही. गंज मात्र पिकअपला जिथे जिथे धरतो तिथे सगळीकडे धरला होता, मागच्या चाकांवरच्या कमानी, केबिनचे मागचे खालचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा, हौद्याचा तळ आणि फाळक्याची खालची घडी.

घेतला तो टॅनिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण या जातीच्या बाटल्यांचं काम साधारण एकच असतं. दुधासारखं पांढरट लिक्विड, ब्रशने लावायचं. गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड, त्याच्याशी टॅनिक ॲसिड मिळून फेरिक टॅनेट होतं, ते निळसर काळं असतं आणि पाण्यात विरघळत नाही, आणि लिक्विडमधलं प्लास्टिकसारखं पॉलिमर वरून वाळून एक पातळ थर धरतं. वीसेक मिनिटांत तपकिरी पत्रा आधी जांभळट आणि मग काळा होतो, ते बघायला खरंच मजा येते. पण नीट लक्षात घ्या, गंज इथे निघून जात नाही, तो फक्त बदलतो. खाऊन गेलेलं लोखंड परत येत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'गंज कायमचा नष्ट' असं काहीतरी छापलेलं होतं, ते वाचून मी पण आधी फसलो आणि माझा एक स्टार तिथेच कापलाय.

पहिला प्रयोग कमानीवर केला आणि तो चुकला. मला वाटलं जितकं स्वच्छ तितकं चांगलं, म्हणून ग्राइंडरला तारेचा कप लावून, मग पॉलिश पेपर मारून पत्रा आरशासारखा चकचकीत केला आणि त्यावर लिक्विड लावलं. काळं झालंच नाही! नुसता पांढुरका पापुद्रा राहिला आणि दुसऱ्या दिवशी नखाने सोलून निघाला. कारण साधं आहे, बदलायला गंजच उरला नाही तर हे लिक्विड करणार काय. चकचकीत पत्र्यावर सरळ इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा चिवट अस्तराचा हात) मारायचा, कन्व्हर्टर तिथे लावायचाच नाही.

मग हौद्यात उलटी चूक झाली. तिथे गंजाचे जाड पोपडे होते, मी वरवर ब्रश फिरवला आणि दोन हात मारले. तीनेक महिन्यांनी तेच पोपडे काळ्या सालीसकट उचलून आले आणि खाली तसाच नारिंगी गंज. लिक्विड वरच्या थरात जातं, जाड पोपड्याच्या तळाशी पोचत नाही. म्हणजे सुटं आहे ते सगळं पत्रीने, छिन्नीने, तारेच्या ब्रशने काढायचं, घट्ट चिकटलेला आणि बारीक खड्ड्यांत बसलेला तपकिरी गंज तेवढा ठेवायचा, आणि त्यावर हे लावायचं. त्या मधल्या अवस्थेसाठीच ही वस्तू बनलीये आणि तिथे ती फार चांगलं काम करते, कारण खड्ड्यांतला गंज ब्रशने कितीही घासला तरी पूर्ण निघत नाही.

आता फुग्यांबद्दल. रंगाखाली आलेला छोटा फुगा बघून आपण म्हणतो चला एवढंसंच आहे. तसं नसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तो रंगाला खालून उचलतो, आणि फुगा दिसेपर्यंत तो बाजूला बराच पसरलेला असतो. आमच्या डाव्या दारावर नखाएवढा फुगा होता, खरवडत गेलो तर तळहाताएवढी जागा निघाली. फुगा वरून नुसता घासून टचअप मारू नका, कडेचा रंग घट्ट लागेपर्यंत मागे खरवडत जा.

केबिनच्या उजव्या कोपऱ्यात तर स्क्रूड्रायव्हरने हलकं ठोकलं आणि तो सरळ आत गेला. बाहेरून तिथे गुळगुळीत रंग होता. आत काय निघालं, बोटभर जाडीची पुट्टी, तिच्यामागे जाळी, आणि जाळीमागे पत्राच नाही. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात कुणीतरी भोक झाकून दिलं होतं आणि तेव्हा बाबांना सांगितलं असणार की काम झालं. मला याचा फार राग येतो. पुट्टी पाणी शोषते, गंजावर भरली की आतल्या आत ओल धरून ठेवते आणि शेजारचा चांगला पत्रा पण खाते. बाबांनी पैसे देऊन गंज वाढवून घेतला असं झालं ते!

अशा जागी कन्व्हर्टरचा काही उपयोग नाही, पत्राच नाही तर तो बदलणार काय. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवीन ठिगळ वेल्ड करायचं. ते मी एका जुन्या कारागिराकडून करून घेतलं, मला वेल्डिंग येत नाही. त्यांनी एका ओळीत वेल्ड ओढली नाही, एक टाका इथे, एक लांब तिथे, मधे थंड होऊ दिलं, नाहीतर बॉडीचा पातळ पत्रा तापून वाकतो. बॅटरीची वायर आधी काढली, आतलं कार्पेट काढलं, पेटणारं काही जवळ ठेवलं नाही. वेल्डच्या आतल्या बाजूला रंग जळतो आणि गंज परत तिथूनच सुरू होतो, म्हणून थंड झाल्यावर तिथे आधी प्रायमर आणि मग मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने मारलं. बाहेरून इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टीचा अगदी पातळ हात, मग रंग. पुट्टी वाईट नाही हो, ती पत्र्याची पातळी करायला असते, भोक बुजवायला नसते.

वापरताना छोट्या गोष्टी. लिक्विड वाटीत काढून घ्या, ब्रश बाटलीत बुडवू नका, गंजाचे कण आत गेले की रिॲक्शन बाटलीतच सुरू होते, माझ्या पहिल्या बाटलीत काळ्या गुठळ्या झाल्या आणि अर्धी फेकावी लागली. तेल-ग्रीस आधी पुसा. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नका, आणि 10 अंशांच्या खाली थंडी असेल तर थांबा. दोन पातळ हात, एक जाड हात नाही. चांगल्या रंगावर उडालं तर लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळलं की डाग बसतो, माझ्या कॉंक्रीटवर अजून आहे. आणि गॉगल लावाच, ग्राइंडरच्या कपातली तार तुटून उडते, ती डोळ्यात गेली तर काय होईल विचार करा.

फॉस्फोरिक ॲसिडवालं पण मिळतं, ते मी फाळक्याच्या आतल्या बाजूला वापरून बघितलं. ते गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं, काम जोरात करतं, पण उरलेलं ॲसिड बाटलीवर लिहिलंय तसं नीट धुवून काढावं लागतं आणि पत्रा पूर्ण वाळवावा लागतो. ॲसिड राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. सुट्या काढता येणाऱ्या भागांना ते चांगलं, गाडीवरच्या सांध्यांत मात्र धुतलेलं पाणीच आत अडकतं, तिथे मला टॅनिकवालंच बरं वाटलं.

अजून एक, कन्व्हर्टर म्हणजे रंग नव्हे. हौद्याच्या खालचा एक तुकडा मी मुद्दाम तसाच उघडा ठेवला होता, दोन महिन्यांत तपकिरी ठिपके आले. शेजारी जिथे 24 तास वाळवून ऑइल बेस प्रायमर आणि रंग मारला तिथे आज वर्षाने काही नाही.

चॅसीबद्दल, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याबद्दल, कळकळीने सांगतो. वरवरचा गंज असेल तर घासून लावा, काही हरकत नाही. पण हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द वाजत असेल, पापुद्र्यांवर पापुद्रे सुटत असतील, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे, तर कृपा करून त्यावर काळं फासू नका. काळं झालं की पुढच्या माणसाला ते दिसणार नाही आणि त्या चॅसीवर माणसं बसून जाणार आहेत. जाणत्या माणसाला दाखवा, आणि तो नाही म्हणाला तर गाडी चालवू नका.

वर्षानंतरचा हिशेब असा. हौद्याचा तळ उत्तम, पण त्याचं अर्धं श्रेय हौद्यात अंथरलेला प्लास्टिकचा लायनर काढून टाकण्याला आहे, त्याच्याखाली वाळू आणि पाणी साठून तो रोज रंग घासत होता. दारं उत्तम, खालच्या कडेची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती ती तारेने मोकळी केली आणि आत वॅक्स मारलं. ती भोकं बुजलेली असतील तर वरून काहीही लावा, दार आतून कुजतच राहणार. फाळका ठीक. मागच्या उजव्या कमानीवर एक फुगा परत आलाय, आतल्या घडीत, जिथे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्ड केलेत. तिथे ब्रश जात नाही आणि लिक्विडही पोचत नाही. दर धुण्याला त्या घडीतला चिखल पाण्याने काढायचा हे मी उशिरा सुरू केलं.

पाचपैकी चार स्टार. दुसरी बाटली आणलीये, पुढच्या कोरड्या आठवड्यात ती कमान परत उघडणार, यावेळी घडीत आधी वॅक्स न मारता कन्व्हर्टर सिरिंजने सोडून बघणार आणि चार दिवस वाळल्यावरच वॅक्स. कुणी सिरिंजने केलं असेल तर आत कितपत पोचतं ते लिहा.