गिझर ६६ अंशांवरून ५० वर: दिवाळी ते पावसाळा, आमच्या घरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरातल्या गिझरचं तापमान उतरवलं. थंडी गेली, उन्हाळा सरला, आता पाऊस लागलाय आणि ते परत पूर्वीच्या जागी न्यावंसं वाटलेलं नाही. बिलात थोडा फरक पडला, पण मी लिहायला बसले ती बिलासाठी नाही. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि तिला हल्ली नळ स्वतःच सोडायचा असतो. सासरे सत्तरीच्या पुढचे, फुप्फुसांचा जुना आजार असलेले. एकीसाठी पाणी कडकडीत नको आणि दुसऱ्यांसाठी टाकीतलं पाणी कायम कोमटही राहायला नको. या दोन्हींचा मेळ कसा घातला ते सविस्तर सांगते, कारण लहान मूल आणि म्हातारं माणूस एकत्र असलेली घरं आपल्याकडे भरपूर आहेत.

आमचा गिझर २५ लिटरचा, २००० वॉटचा, भिंतीवर उभा लावलेला. पुण्यात राहतो. पाणी महापालिकेचं, पण एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं. एका बाथरूममध्ये बादली, दुसरीत शॉवर.

नॉबवर आकडे नाहीत, नुसती निळ्याकडून लाल होत जाणारी पट्टी आहे. बहुतेक गिझरवर असंच असतं, त्यामुळे आपलं पाणी नेमकं किती तापतं हे घरात कुणालाच माहीत नसतं. म्हणून आधी मोजायचं. स्वयंपाकघरात वापरतात तसला सुईचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, तापाचा चालत नाही, तो ४२-४३ च्या पुढे जात नाही. लाल दिवा विझला की पाच-दहा मिनिटं थांबायचं, गरम नळ सोडून पाइपातलं गार पाणी जाऊ द्यायचं आणि मग स्टीलच्या भांड्यात धार धरून मोजायचं. आमचं पाणी ६६ अंश भरलं. नॉब मध्याच्या थोडासाच पुढे होता! टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली राहतं, बाहेर येणारं पाणी वरच्या थरातलं असतं, त्यामुळे नॉबच्या खुणेवर विसंबून चालत नाही, नळाशीच मोजावं लागतं. नॉब थोडा फिरवायचा, दुसऱ्या दिवशी परत मोजायचं, असं करत थंडीत ५५ वर आणलं आणि होळीनंतर ५० वर. दोन्ही ठिकाणी नॉबशेजारी मार्करने खूण करून ठेवली आहे.

काही गिझरांना बाहेर नॉबच नसतो, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, खालच्या झाकणाच्या आत असतो. तिथे स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा मुख्य खटका) पाडायचा आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं.

आता वीज. इथे जरा गणित करावं लागेल, कारण ‘दहा अंश उतरवा, इतके टक्के वाचवा’ हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते आपल्या घरांना जसंच्या तसं लागू होत नाही. एक युनिट वीज साधारण ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवते. आंघोळीची २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायची तर जवळपास अर्धा युनिट लागतो. गिझर ६६ वर ठेवून भरपूर विसण घातलं काय किंवा ५० वर ठेवून थोडंच घातलं काय, बादलीत गेलेली उष्णता तेवढीच. अंगावर घेतलेल्या पाण्यात नॉब काहीही वाचवत नाही.

वाचतं ते उरलेल्या पाण्यात. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर टाकीत पुन्हा तापून बसलेलं २५ लिटर पाणी ६५ अंशांवर असेल तर त्यात सव्वा युनिटच्या जरा आत वीज अडकलेली असते, ५० अंशांवर असेल तर पाऊण युनिटही नाही. (बाहेर २५ अंश धरून हा हिशोब आहे.) शिवाय टाकीच्या भिंतीतून उष्णता झिरपते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. फरक ४० अंशांचा २५ झाला की ही गळती एक तृतीयांशाहून जास्त घटते. स्टार लेबलवर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून जो आकडा असतो तो हाच, ४५ अंशांच्या फरकावर २४ तासांत वाया जाणारे युनिट. जुन्या गिझरवर आणि नव्या पंचतारांकित गिझरवर तो आकडा वेगळा दिसेल, तो नक्की वाचा.

प्लगवर युनिट मोजणारा छोटा मीटर लावून पाहिलं, तर आमच्याकडे नुसत्या तापमानाने महिन्याला आठ-दहा युनिट कमी झाले. बिलाच्या मानाने हे फार नाही आणि ते फुगवून सांगण्यात अर्थ नाही. त्याहून जास्त युनिट वाचले ते बटण बंद करण्याच्या वेळेने. पूर्वी शेवटची आंघोळ झाल्यावर बटण बंद व्हायचं. म्हणजे शेवटच्या माणसाने बादली भरेपर्यंत खालून गार पाणी शिरायचं आणि ते कुणासाठीही नसताना पूर्ण तापायचं. आता शेवटून दुसऱ्याची बादली भरून, टाकी पुन्हा तापून दिवा विझला की बटण बंद, आणि शेवटचा माणूस टाकीतल्या पाण्यावर आंघोळ करतो. शेवटचा माणूस बहुतेक वेळा मीच असते आणि आजवर गार पाण्याने आंघोळ करावी लागलेली नाही. बटण बंद करून आंघोळीला जाणं विजेच्या धक्क्याच्या दृष्टीनेही बरं.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्याकडे तळघरात दीडशे लिटरच्या वरची टाकी चोवीस तास तापत असते. तिथे १४० फॅरनहाइटवरून १२० वर, म्हणजे ६० अंशांवरून ४९ वर आणायचा सल्ला देतात आणि तिथे त्याचा फायदाही ठळक दिसतो, कारण पाणी दिवसरात्र तापलेलं ठेवलेलं असतं. आपल्याकडे गिझर सकाळी तास-दीड तास चालतो. तिचे आकडे आपल्या बिलात शोधू नयेत. पण भाजण्याबद्दलचे तिकडचे आकडे मात्र जगात कुठेही खरे आहेत, आणि ते वाचून मी तापमान उतरवायचं ठरवलं.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार १५० फॅरनहाइट, म्हणजे आपले ६६ अंश, इतक्या गरम पाण्याने मोठ्या माणसाची कातडी दोन सेकंदांत खोलवर भाजते. ६० अंशांना सहा सेकंद, ५४ ला तीस सेकंद आणि ४९ ला पाच मिनिटं. हे मोठ्या माणसांचं. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. आमच्या नळाला नेमकं ६६ अंशांचं पाणी येत होतं. दोन सेकंदांत पोर हात मागे घेईल की घाबरून तिथेच रडत उभी राहील, हे कोण सांगणार? ५० वर पाणी चटका देतं, पण ओरडायला, धावायला, नळ बंद करायला वेळ देतं. मला या एका गोष्टीसाठी हा बदल दहापट मोलाचा वाटतो. तरीही बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम हा नियम आम्ही सोडलेला नाही, आणि मुलीला गरम नळाला एकटीने हात लावू देत नाही.

मग वाटतं, ४५ वरच का आणू नये, विसणसुद्धा लागणार नाही. इथे थांबायला हवं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेल्यांमध्ये विचित्र न्यूमोनियाची साथ पसरली आणि अनेक जण दगावले. पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला, त्याचं नाव लीजनेला. तो पाण्यात राहतो, साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, ५० च्या आसपास वाढ थांबते पण तो मरत नाही, ६० च्या पुढे मात्र मरतो. पाणी पिऊन हा आजार सहसा होत नाही, शॉवरसारख्या ठिकाणी उडणारे बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. धोका जास्त कुणाला, तर वृद्धांना, धूम्रपान करणाऱ्यांना, फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना. वाचताना सासरेच डोळ्यांसमोर आले.

आपल्या गिझरची टाकी लहान, तिच्यातलं पाणी रोज बदलतं, बादलीच्या आंघोळीत तुषारही कमी उडतात. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण सकाळी बंद केलेला गिझर दिवसभर हळूहळू निवत नेमका त्याच ४५ ते २५ च्या पट्ट्यातून जातो, हेही खरं. म्हणून सासऱ्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही एक पद्धत ठरवली. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, नॉब लाल टोकाकडे न्यायचा. दिवा विझल्यावर तासभर तसंच राहू द्यायचं. मग ते कडक पाणी गरम नळातून आणि शॉवरच्या पाइपातूनही सोडायचं. शॉवरचं तोंड रिकाम्या बादलीत खाली धरायचं म्हणजे वाफ आणि तुषार उडत नाहीत. त्या वेळी मुलगी आणि सासरे दोघंही बाथरूमपासून लांब, दार लावलेलं. पाणी सोडून झालं की नॉब परत खुणेवर. ५० वरून ६५ वर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. गावाला जाऊन चार-आठ दिवसांनी परतलो की पहिल्या आंघोळीआधी हेच करतो. सासरे शॉवर वापरत नाहीत, बादलीनेच आंघोळ करतात, तेही तसंच चालू ठेवलं आहे.

केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं कुणी घरात असेल तर मात्र माझा अनुभव बाजूला ठेवा. तिथे गिझर ६० वरच असावा आणि भाजू नये म्हणून नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. तो गार-गरम पाणी मिसळून ठरावीक तापमानाचंच पाणी पुढे सोडतो. किंमत जास्त आहे, पण अशा घरात हाच मार्ग बरोबर.

गैरसोय एकच जाणवली आणि ती जानेवारीत चांगलीच जाणवली. टाकीत ६५ अंशांचं २५ लिटर पाणी असेल आणि गार पाणी २० अंशांचं असेल, तर विसण घालून ४० अंशांचं ५६ लिटर पाणी होतं, जवळजवळ तीन बादल्या. ५० वर तेच साडेसदतीस लिटर, म्हणजे दोनसुद्धा पुऱ्या नाहीत. थंडीत ५५ ठेवलं ते यासाठीच. २००० वॉटची कॉइल २५ लिटर पाणी मिनिटाला साधारण सव्वा अंशाच्या जरा आत चढवते, म्हणजे दोन आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडावी लागतात. शाळेच्या घाईत हे जड जातं. आम्ही मुलीची आंघोळ संध्याकाळवर नेली आणि प्रश्न सुटला. घरात सहा-सात माणसं आणि एकच १५ लिटरचा गिझर असेल, तर थंडीत ५० चा हट्ट धरू नका. दिवाळीत पाहुणे आले, नरकचतुर्दशीला पहाटे एकामागून एक अभ्यंगस्नानं असली, तर नॉब ६० वर न्यावा आणि पोरांच्या बादलीवर मोठ्या माणसाने लक्ष ठेवावं. यंदा आम्हीही तेच करणार.

कॉइलवर क्षार कमी साचण्याचा फायदा मी हिशोबात धरला नव्हता. पाणी ६० च्या पुढे तापवलं की त्यातले क्षार जास्त वेगाने बाहेर पडून कॉइलवर पांढरा थर धरतात. थर वाढला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. मे महिन्यात, ऐन टँकरच्या दिवसांत, सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने कॉइल बाहेर काढली तेव्हा थर होता, पण आदल्या वर्षीपेक्षा उघडच पातळ. मॅग्नेशियमची दांडीही अजून वर्षभर चालेल म्हणाला. ही दांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते, ती बदलून घ्यायला विसरू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडत असतील तर त्याला बूच मारू नका. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६० वर गेलं की जवळपास चारशे मिलिलिटरने फुगतं, त्याला वाट हवीच. आणि नॉब कितीही उतरवला तरी पाणी उकळल्यासारखं येत असेल, दिवा विझतच नसेल, तर थर्मोस्टॅट बिघडलेला आहे. तसा गिझर तापमान कमी करण्याच्या प्रयोगासाठी वापरू नका. एमसीबी पाडा आणि थर्मोस्टॅटसोबत कटआउटही (पाणी अती तापलं तर वीज तोडणारा भाग) बदलून घ्या, दोन्ही मिळून काही शे रुपयांचं काम आहे.