लहानग्यांना आधी कोण: लुईस की बनियन?

ख्रिस्ती रूपककथा वाचून दाखवायची, तर पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी आधी सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) घेईन. कपाटातल्या कोटांमधून वाट काढत ल्युसी बर्फात पोहोचते, समोर दिव्याचा खांब दिसतो, आणि मूल लगेच गोष्टीत शिरतं. अस्लान हा सिंह ल्युसीच्या भावाच्या, एडमंडच्या जागी मरण पत्करतो, ते प्रकरण मात्र झोपताना नको. दिवसा, जवळ घेऊन वाचा आणि तो पुन्हा जिवंत होईपर्यंत थांबू नका. येशूच्या वधस्तंभाचा विषय मुलांनाच काढू द्या.

जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये (१६७८) अर्थ नावातच उघडा आहे: निराशेची दलदल, संशयाचा किल्ला. त्यातले लांबलचक धर्मसंवाद या वयाला झेपत नाहीत, म्हणून तोंडीच सांगावं. पण क्रुसापाशी नायक यात्रेकरूच्या पाठीवरचं पापाचं ओझं सुटतं आणि गडगडत थडग्यात जातं, तो प्रसंग गाळू नका. पाठीला उशी बांधून करून दाखवा.