ॲल्युमिनियम हेडसाठी टॉर्क पाना : वर्षभराच्या वापरानंतर

इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, स्पार्क प्लग बसवण्यासाठी म्हणून विकला जाणारा एक संच मी गेले वर्षभर वापरत आहे. ३/८ इंची चौकोनी टोकाचा, १० ते ६० न्यूटन-मीटर मर्यादेचा आणि ठरवलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) गाठताच ‘टक्’ असा आवाज करणारा पाना, १६ मिलिमीटरचे चुंबकी सॉकेट आणि १५० मिलिमीटरचे एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारी दांडी) एवढेच त्यात आहे. पाना चांगला आहे, सॉकेट त्याहून चांगले आहे; सोबतचे माहितीपत्रक मात्र वाचले नाही तरच बरे.

हा संच घेण्यामागे एक जुनी चूक आहे. पूर्वी मी साध्या रॅचेटने, म्हणजे जोर न मोजणाऱ्या खटक्याच्या पान्याने, हाताच्या अंदाजावर प्लग आवळत असे, आणि एकदा प्लग काढताना त्याच्या आट्यांना चिकटून हेडमधील ॲल्युमिनियमचा कीसच बाहेर आला. प्लगचे अंग पोलादाचे असल्यामुळे या झटापटीत नेहमी हेडच हरते. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला बिडाच्या हेडमध्ये साधारण ३५ न्यूटन-मीटरपर्यंतचा जोर चालतो, ॲल्युमिनियममध्ये मात्र २५ ते ३० वर थांबावे लागते. त्या भोकात शेवटी तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा बसवून घ्यावा लागला.

त्यानंतर माझा हात इतका भित्रा झाला होता की या पान्याने पहिल्याच दिवशी मला उलटा धडा दिला. एक प्लग मी मुद्दाम आधी अंदाजाने, मला ‘पुरेसा’ वाटेल इतका आवळला आणि मग पाना २५ वर लावून फिरवला, तेव्हा टक् होईपर्यंत तो बराच पुढे गेला. सैल प्लग हा निरुपद्रवी प्रकार नव्हे. प्लगची उष्णता मुख्यतः बैठक (प्लग हेडवर जिथे टेकतो ती जागा) आणि आटे यांच्यावाटे हेडमध्ये जाते. बैठक नीट दाबली गेली नाही तर वायू गळतो, प्लगचे टोक प्रमाणाबाहेर तापते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. अति आवळण्यापासून हा पाना वाचवतो हे अपेक्षितच होते. भीतीपोटी कमी आवळण्यापासूनही तो वाचवतो, हे मला त्या दिवशी कळले.

चुंबकी सॉकेटचे कौतुक थोडे सविस्तर करावे लागेल. आधीच्या सॉकेटमधील रबर प्लगला असे धरून बसे की एक्स्टेन्शन बाहेर येई आणि सॉकेट मात्र खोल विहिरीत, म्हणजे प्लग ज्याच्या तळाशी बसतो त्या भोकात, प्लगवरच राही. चुंबक प्लग सोडतो आणि तरीही वाटेत पाडत नाही. त्यामुळे रात्रभर गार झालेल्या इंजिनात, विहिरीतील कचरा हवेने उडवल्यावर, रॅचेट न लावता केवळ एक्स्टेन्शन बोटांत धरून प्लग आधी किंचित उलटा फिरवता येतो. आटा आट्यात उतरल्याचा हलका ठोका बोटांना जाणवतो, आणि मग बैठक लागेपर्यंत तो बोटांनीच आत जातो. प्लग वाकडा लागला असेल तर ते येथेच समजते. पान्याला ते समजत नाही. आटे कापत जाणाऱ्या प्लगवरही तो इमानाने टक् करील. नव्या वॉशरच्या प्लगांना बोटांनी बैठक लागल्यावर माझ्याकडे अर्ध्या फेऱ्याहून थोडे अधिक फिरवावे लागले, आणि प्लगच्या खोक्यावरील अर्धा ते दोन-तृतीयांश फेऱ्याच्या सूचनेशी ते जुळते.

उणिवाही आहेत. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, आणि ते या पान्याच्या अगदी तळाशी येते. तेथे टक् इतका मंद होतो की तो निसटून हात पुढे जाऊ शकतो. अशा इंजिनासाठी हा संच घेऊ नये. ५ ते २५ मर्यादेचा, १/४ इंची छोटा पाना घ्यावा. वॉशर नसलेल्या शंकूच्या बैठकीच्या प्लगला बोटांनंतर फेऱ्याचा सोळावा भागच द्यायचा असतो, त्यामुळे तेथेही लहान पानाच सोयीचा पडतो.

माहितीपत्रकात आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटी-सीझ ग्रीस ‘भरपूर’ लावण्याचा सल्ला आहे. मोठे प्लग उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांसाठी नेमके याच्या उलट सांगतात. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. ग्रीसने घर्षण घटले की त्याच २५ वर आट्यांवरील ताण कितीतरी वाढतो आणि पाना खरे बोलत असूनही हेड खराब होऊ शकते. उलट, काम संपल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग दबलेली राहत नाही, ही आवश्यक सूचना पत्रकात नाही. मी ती पेटीच्या झाकणावर आतून चिकटवली आहे.