ओव्ह्युलेशनची पट्टी: पाचचं खोकं की पन्नासचं पाकीट?

फार्मसीत ओव्ह्युलेशन टेस्ट, म्हणजे अंडाशयातून बीज फुटायची वेळ जवळ आली का ते लघवीवरून सांगणारी पट्टी, मागितली की पाच टेस्टचं खोकं हातात येतं. सदतीस-अडतीसच्या वयात पहिल्या बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या बाईला पाच पुरत नाहीत. आमची पहिली तक्रार हीच.

हिशेब साधा आहे. गेल्या सहा महिन्यांतली सगळ्यांत छोटी पाळी किती दिवसांची (एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची येईपर्यंत), त्यातून १७ वजा करायचे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून त्या दिवशी पहिली टेस्ट. पाळी २८ दिवसांची तर अकराव्या दिवशी, २५ ची तर आठव्या. पस्तिशीनंतर पाळीचा पहिला अर्धा भाग आखडत जातो, म्हणून जी बाई आयुष्यभर 'माझी बरोबर अठ्ठावीस' म्हणत आली तिची कधी सव्वीसवर येते, कधी तिशीला टेकते. म्हणजे नवव्या दिवशी सुरुवात करून पंधराव्या-सोळाव्यापर्यंत रोज तपासावं लागणार. पट्टी शोधते तो बीज फुटण्याआधी येणारा एलएच हार्मोनचा उसळा, ज्याला सगळे सर्जच म्हणतात, काहींचा जेमतेम दहा-बारा तास टिकतो. तो एकाच टेस्टमध्ये निसटतो, म्हणून या वयात दिवसातून दोनदा तपासणं बरं. झाल्या की चौदा-पंधरा. पाचचं खोकं तिसऱ्या दिवशी रिकामं.

ऑनलाइन मिळणाऱ्या सुट्या पट्ट्यांचं ५० चं पाकीट घ्या. प्लास्टिकच्या कवचातली टेस्ट आणि सुटी पट्टी यांत आतला कागद तोच, बहुतेकींचा उंबरठाही, म्हणजे एलएच किती झालं की पट्टी पॉझिटिव्ह दाखवते तो आकडा, तोच, २५ एमआययू (हार्मोन मोजायचं एकक) प्रति मिलि. फरक कवचाचा, ड्रॉपरचा आणि पैशांचा. खोक्याच्या एमआरपीला पाचने भागा, पाकिटाच्या किमतीला पन्नासने, मग काय ते दिसेल. शिवाय वाड्यावरच्या फार्मसीवाल्याला आपली सासू कोण हे ठाऊक असतं. पार्सलमध्ये तेवढी चौकशी वाचते.

पार्सलचं गोव्यात एक दुखणं मात्र आहे. पट्टीवर २ ते ३० अंश तापमानात ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात पार्सल दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत पडलेलं असू शकतं. त्याहून वाईट दमट हवा. प्रत्येक पट्टी स्वतंत्र चंदेरी फॉइलच्या पाकिटात आणि आत ओल शोषणारी छोटी पुडी, अशीच पॅकिंग घ्या. एकाच डबीत पंचवीस पट्ट्या मोकळ्या भरलेल्या असतील तर जून ते सप्टेंबर त्या वाटेला जाऊ नका. डबी दहा वेळा उघडली की ओल धरलेल्या कागदावर रंग सरळ चढत नाही, मध्येच पट्टे पडतात किंवा कंट्रोलची रेघच, म्हणजे पट्टी नीट चालते हे दाखवणारी रेघ, उमटत नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. बेडरूमच्या कपाटातला वरचा खण पुरे, बाथरूम नको.

आता वापर. पाकीट फाडल्यावर हातात येते ती बोटभर लांब, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही अरुंद पट्टी. एका टोकाला रंगीत पकड, दुसऱ्या टोकाला खाली तोंड केलेले बाण आणि त्यांच्यावर 'मॅक्स' लिहिलेली आडवी रेघ. लघवी कोरड्या कागदी कपात घ्या. धुतलेल्या वाटीला साबण चिकटून असतो. बाणांकडचं टोक उभं धरून मॅक्सच्या रेघेखालीच राहील असं बुडवा आणि पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद धरा, साधारण पाच ते दहा. मग आडवी ठेवा. गुलाबी पाणी पांढऱ्या खिडकीतून सरकत वर चढताना दिसतं. आधी सगळं गुलाबीसर होतं, मग पार्श्वभूमी निवळते आणि रेघा उरतात. पकडीकडची कंट्रोलची, बाणांकडची टेस्टची. पाच मिनिटांनी वाचायची. दहा मिनिटांनंतर जे दिसतं ते धरायचं नाही, कारण वाळता वाळता टेस्टची रेघ गडद होऊ शकते.

प्रेग्नन्सी टेस्टची सवय असलेल्यांची चूक इथेच होते. तिथे फिकट रेघही 'हो' असते. इथे फिकट रेघ म्हणजे 'नाही', कारण एलएच थोडंफार रोजच असतं. टेस्टची रेघ कंट्रोलइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. ट्यूबलाइटखाली फोन धरून फोटो काढण्यापेक्षा खिडकीशी उजेडात बघा. रेघेच्या गडदपणाचा आकडा काढून देणारी ॲप्स कल पाहायला बरी आहेत. पण पट्टी न लावता नुसत्या पाळीच्या तारखांवरून जे ॲप 'आज ओव्ह्युलेशन' सांगतं ते फक्त दिवस मोजतं. पाळी चार दिवस मागेपुढे होणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही.

वेळ सकाळची पहिली लघवी नको. सर्ज बहुधा पहाटे रक्तात सुरू होतो आणि लघवीत उतरायला काही तास घेतो. सकाळी अकराच्या सुमारास एक आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसरी, असं जमवा. आधी दोन तास पाणी बेताचं आणि लघवी रोखलेली. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे अवघड जातं. दुपारी शहाळं, वर सोलकढी, वर लिंबूसोडा आणि मग पातळ पाण्यासारख्या लघवीत पट्टी बुडवली तर सर्ज असूनही फिकट रेघ येणार. लघवी रंगहीन दिसली तर ती टेस्ट वाया घालवू नका, दोन तासांनी करा.

पॉझिटिव्ह आल्यावर काय? सर्ज सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी बीज फुटतं आणि ते १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २२१ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिवस राहिले ते बीज फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहाच दिवसांतल्या संबंधांतून. म्हणून पट्टी पॉझिटिव्ह येईपर्यंत 'साठवून' वाट बघणारी जोडपी चांगले दिवस घालवतात. पट्ट्या सुरू केल्यापासून एक दिवसाआड, पॉझिटिव्हच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, एवढं पुरतं. पॉझिटिव्ह आल्यावर पट्ट्या थांबवा. त्यापुढे आठवडाभर रोज तपासत बसण्यात पाकीट लवकर संपण्यापलीकडे काही मिळत नाही.

फायदा होतो का, तर होतो, पण बेताचा. चाळिशीच्या आतल्या आणि वर्षभराहून कमी काळ प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांविषयीचा २०२३ चा कोक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो की पट्टीशिवाय दिवस राहण्याची शक्यता १८ टक्के धरली तर पट्टीने ती २० ते २८ टक्क्यांच्या दरम्यान जाते. खोक्यावरचं हसरं बाळ यापेक्षा बरंच जास्त सुचवतं.

पट्टी फक्त एलएच मोजते. बीज खरंच फुटलं का, चांगलं आहे का, बीजवाहक नळ्या मोकळ्या आहेत का, यातलं तिला काही कळत नाही. कधी कधी सर्ज येतो आणि फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीज असलेली पिशवी, न फुटता तसंच राहतं. तेव्हाही पट्टी पॉझिटिव्हच. पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड) एलएच एरवीच चढलेलं असतं, म्हणून आठ दिवस सलग पॉझिटिव्ह दिसू शकतं. अशा बाईने ही वस्तू घेऊच नये. बीज फुटावं म्हणून देतात ते एचसीजीचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर पट्टी त्यालाच एलएच समजते. बीज तयार व्हावं म्हणून देतात त्या क्लोमिफीनच्या गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर किमान तीन दिवस थांबून सुरुवात करावी. पाळ्यांमधलं अंतर कमी होत चाललं, घाम-उष्मा जाणवतोय आणि पट्टी कायम गडद, असं असेल तर ते रजोनिवृत्तीकडे झुकल्याचंही लक्षण असू शकतं. पट्टी बाजूला ठेवून रक्ततपासणी करा.

बीज फुटल्याची खात्री हवी असेल तर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी. लॅबच्या फॉर्मवर 'एकविसावा दिवस' छापलेला असतो, तो २८ दिवसांच्या पाळीसाठी. २५ ची पाळी असेल तर अठराव्या दिवशी रक्त द्यायचं, म्हणजे बीज फुटल्यावर सातव्या दिवशी. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या वर असेल तर बीज फुटलेलं आहे. इथे पट्टी खरी उपयोगी पडते, कारण सात दिवस कुठून मोजायचे ते तीच सांगते: पॉझिटिव्ह आल्याच्या नंतरचा दिवस बीज फुटल्याचा धरा आणि पुढे सात.

थर्मामीटरची पद्धत, म्हणजे रोज उठल्यावर अंगाचं तापमान नोंदवणं, स्वस्त, पण वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत, कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांना ती बसत नाही. सलग तीन-चार तास झोप आणि उठल्या उठल्या ठरलेली वेळ लागते. शिवाय ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसची ती वाढ बीज फुटून गेल्यावर दिसते. मागचा महिना कळतो, हा महिना हातचा जातो.

गोव्यात एका प्रकारच्या घरांत मात्र पट्टीची किंमत दुप्पट वसूल होते: नवरा बोटीवर असलेल्या. सहा-आठ महिने दर्यावर, मग दोन महिने घरी, म्हणजे हातात दोनच पाळ्या. नवरा नसताना दोन महिने पट्ट्या लावून आपला सर्ज कितव्या दिवशी येतो ते आधीच पाहून ठेवा आणि साइन-ऑफची (बोटीवरून उतरायची) तारीख मागेपुढे करता येत असेल तर त्या हिशेबाने मागा. चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी यायचं म्हणून धडपड करून आठवडाभरासाठी आलेला माणूस नेमका चुकीच्या आठवड्यात येतो. दुसरं, इंजिनरूमच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते. नवे तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा उतरल्या उतरल्या केलेली तपासणी वाईट आली तरी ती शेवटची समजू नका. वीर्य गोठवून ठेवून तो परत गेल्यावर आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करण्याचा मार्गही आहे, त्यासाठी दोघांची लेखी संमती लागते.

बोटीवर असो वा पणजीच्या ऑफिसात, पुरुषाची तपासणी पट्ट्यांच्या पहिल्याच महिन्यात उरकावी. बाई चार महिने कपात पट्ट्या बुडवत बसते आणि नवऱ्याची एक साधी टेस्ट राहिलेली असते, असं सर्रास दिसतं. अडचण जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही असते. वीर्याच्या या तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना घरी घेणार असाल तर तासाभरात आणि अंगाशी उबदार ठेवून लॅबमध्ये पोचला पाहिजे. काणकोण किंवा वाळपईहून ही धाव परवडत नाही, लॅबमधल्या खोलीतच द्या. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा प्रति मिलि १.६ कोटी शुक्राणू आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे.

पट्ट्यांच्या जोडीला लॅबवाले 'फर्टिलिटी प्रोफाइल' गळ्यात मारतात, त्यात एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजांचा साठा किती उरला ते सुचवणारा हार्मोन, असतंच. आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचं) इंजेक्शन किती द्यायचं हे ठरवायला तो आकडा डॉक्टरला लागतो. घरच्या प्रयत्नांसाठी त्यावरून रडायचं कारण नाही: ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० स्त्रियांच्या २०१७ च्या अमेरिकन अभ्यासात एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. त्या पैशांत फॉलिक ॲसिड घ्या, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. फार्मसीत मागितल्यावर सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी पुढे केली जाते. ती मधुमेह, फिटांची औषधं किंवा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष, अशा कारणांसाठी डॉक्टरने लिहून द्यायची असते.

एका पाकिटाची मुदत आम्ही सहा महिने धरतो, एक्स्पायरी काहीही असो. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरकडे जायचं, चाळिशी ओलांडली असेल तर आधीच. दुसरं पाकीट मागवणं हा या वयात सगळ्यांत महागडा सौदा. तिथून पुढे फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड आतून सोनोग्राफी. फॉलिकल १८ ते २२ मिलिमीटरपर्यंत वाढून फुटतं का ते पडद्यावर दिसतं. त्यासाठी लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून जायचं. पोटावरच्या सोनोग्राफीसारखं तांब्याभर पाणी पिऊन नव्हे. खासगी क्लिनिकं पणजी, मडगाव, म्हापशाला आहेत. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) सरकारी आयव्हीएफ सेवा २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा खर्चाच्या धास्तीने पट्ट्यांवरच वर्ष काढू नका.

डॉक्टरकडे जाताना वहीत चिकटवलेल्या पट्ट्या नेऊ नका, वाळल्यावर त्यांच्या रेघा बदललेल्या असतात. एका कागदावर सहा पाळ्यांच्या पहिल्या तारखा, पट्टी कितव्या दिवशी पॉझिटिव्ह आली आणि नवऱ्याचा रिपोर्ट.