वेल्डिंगशिवाय होज फिटिंग: ऑइल कॅच कॅन आणि कूलंटच्या टाकीवरचा काही महिन्यांचा अनुभव

घरी बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला होजची तोंडं लावायची म्हटलं की पहिला सल्ला टिग वेल्डिंगचा मिळतो. ज्याच्याकडे मशीन आणि हात दोन्ही आहेत त्याने खुशाल करावं. माझ्याकडे ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि कानस एवढंच होतं. त्यावर बनवलेला ऑइल कॅच कॅन (इंजिनातून वाफेबरोबर येणारं तेल अडवणारा डबा) आणि कूलंटची ओव्हरफ्लो टाकी बरेच महिने गाडीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन्ही टाक्यांची रचना सारखीच. मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा, दोन्ही टोकांना सपाट झाकणं, झाकणात ओ-रिंगची खाच आणि बाहेरून थ्रेडेड रॉडनी आवळलेलं. वरचं झाकण 3 मिमी, खालचं 12 मिमी जाड. ही जाडी मुद्दाम वेगळी ठेवली, कारण फिटिंग कसं बसवायचं हे पत्र्याच्या जाडीवर ठरतं.

पातळ पत्र्यात आटे पाडण्याच्या फंदात पडूच नये. 3 मिमीमध्ये जेमतेम दोन-तीन आटे धरतात आणि होजला एक हिसका बसला की ते सोलून निघतात. तिथे बल्कहेड फिटिंग हवं: पत्र्याच्या एका बाजूला कॉलर, दुसऱ्या बाजूने नट, मध्ये पत्रा चिमटलेला. मी एएन-10 वापरलं. एएन हे होज फिटिंगच्या मापांचं एक प्रमाण, त्यातला आकडा म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत, म्हणजे 10 ला 5/8 इंच. भोक मात्र आट्यांच्या मापाने पाडावं लागतं, आणि तो आटा 7/8 इंचाचा, म्हणजे साधारण 22.2 मिमी. एवढं भोक साध्या ड्रिल बिटने पातळ पत्र्यात तिकोनी होतं. स्टेप ड्रिलने गोल आणि स्वच्छ येतं. नंतर दोन्ही बाजूंचा बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढायचा आणि वॉशर बसतो ती जागा बारीक पॉलिश पेपरने सपाट करायची. गळती होते ती बहुतेक इथल्याच ओरखड्यांतून.

या फिटिंगमध्ये आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. पाणी किंवा तेल अडवतो तो दाबला गेलेला वॉशर. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून इथे काही साधत नाही, उलट टेपचे तुकडे तेलात जातात. साध्या रबरी वॉशरपेक्षा बॉन्डेड सील, म्हणजे धातूच्या कडीच्या आत रबर असलेला वॉशर, मला फार सरस वाटला. धातूची कडी टेकली की रबर त्यापुढे चिरडत नाही. सुरुवातीला इंजिन बऱ्याच वेळा तापून थंड झाल्यावर मी नट तपासले. बॉन्डेड सीलचे जागच्या जागी होते. तुलनेसाठी एका तोंडाला साधा रबरी वॉशर ठेवला होता, तिथला नट सैल वाटला.

रबर कशाचं आहे हे विचारूनच घ्या. कूलंटला ईपीडीएम उत्तम, पण तेच तेलात फुगून मऊ पडतं. तेलाला नायट्राइल चालतं, गरम जागी व्हिटॉन.

खालच्या 12 मिमी झाकणात ड्रेनचं तोंड थेट आटे पाडून बसवलं. 1/4 एनपीटीला (पाइपचा अमेरिकन आटा) 11.1 मिमी भोक. हा आटा निमुळता असतो, म्हणजे तो पाचरीसारखा आत घुसतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण दोन वळसे पुरेत, जोर लावत गेलं तर अ‍ॅल्युमिनियम तडकतं. इथे मात्र थ्रेड सीलंट लागतंच. बीएसपी (पाइपचा ब्रिटिश आटा) आणि एनपीटी एकमेकांत अडकवू नका. 1/4 मध्ये बीएसपीला इंचात 19 आटे, एनपीटीला 18, आणि आट्यांचे कोनही वेगळे. 1/2 मध्ये दोन्हींना 14 असल्यामुळे ते बसल्यासारखे वाटतात आणि मग झिरपतात.

एक अडचण सगळ्यांना येणार: नट आतून आवळायचा, म्हणजे आत पाना जायला हवा. माझी झाकणं सुटी असल्याने ती बाकावर ठेवून आवळली. आधी बंद केलेल्या डब्याला हे जमत नाही. गोल नळीच्या अंगावरही बल्कहेड लावू नका, सपाट वॉशर वक्र पृष्ठभागावर कधीच पूर्ण टेकत नाही.

नुसत्या इपॉक्सीने निप्पल चिकटवण्यावर माझा विश्वास नाही. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम आणि इपॉक्सी सारखे फुगत नाहीत, त्यात होज हलत राहतो, आणि जोड कडेने सुटायला लागतो. यांत्रिक पकड असेल तिथे आधाराला वापरा. होजचं वजनही फिटिंगवर टांगू देऊ नका. मी फिटिंगपासून थोड्याच अंतरावर पी-क्लिप (होज धरून ठेवणारी पट्टी) मारली आहे.

तपासणीसाठी टाकी जवळजवळ पूर्ण पाण्याने भरून सायकलच्या पंपाने अगदी थोडा दाब दिला. रिकाम्या टाकीत हवा कोंबू नये, फुटली तर तुकडे उडतात. माझ्या दोन्ही टाक्यांवर जवळपास दाब नसतो. दाबाखालच्या कूलंट टाकीला, जिथे कॅप साधारण 1 बारची असते, मी हीच पद्धत वापरेन, पण झाकणं जाड घेईन. पेट्रोलच्या लाइनला आणि ब्रेकला असलं घरगुती काहीही लावणार नाही.